रिसीव्हर घरीं आणतांना

रिसीव्हर हा शब्द मराठी घरांना नवीन नाहीं. १९४८ सालीं नागपूर येथें नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. त्या काळांत वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथील ज्या थोड्या घरांत रेडिओ असे, तें घर छपरावर ताणलेल्या तांब्याच्या तारेवरून दुरूनच ओळखूं येई. त्या तारेचें एक टोंक खिडकींतून दिवाणखान्यांतल्या पेटींत जाई. पेटींतून निघालेली दुसरी तार अंगणांतल्या ओल्या जमिनींत पुरलेली असे. आकाशांतून आलेल्या लहरी ग्रहण करणारी, म्हणून ती पेटी रिसीव्हर. संध्याकाळीं तिच्याभोंवतीं घरचीं माणसें, शेजारचीं मुलें आणि एखादा पाहुणा असा मेळा जमे, आणि बातम्या सुरू झाल्या म्हणजे घरांतील वडील माणूस हात वर करून सर्वांना गप्प करी. बातमीचा शब्द न् शब्द कानीं पडला पाहिजे, एवढीच त्या पेटीकडून अपेक्षा असे.

आज दूरचित्रवाणीच्या पडद्याखालीं जी काळी, जड आणि पाठीमागें अनेक खांचांची दाटी असलेली पेटी कांहीं घरांतून दिसते, तिलाही रिसीव्हर हेंच नांव आहे. कारण तिच्या पोटांत बहुधा अजून एक रेडिओ असतो. तिचें मुख्य काम मात्र आतां निराळें झालें आहे. निरनिराळ्या यंत्रांकडून येणाऱ्या चित्रांतून आणि आवाजांतून हवा तो निवडणें, संकेतांत गुंडाळलेला आवाज उलगडून त्याचे वेगवेगळे प्रवाह करणें, ते प्रवाह बलवान करून निरनिराळ्या स्पीकरांकडे पाठविणें, आणि चित्र जसेंच्या तसें पडद्याकडे पुढें देणें, अशीं चार कामें ती करते. हीं कामें समजलीं म्हणजे तिच्या पाठीवरील खांचांचें भय बरेंच कमी होतें.

उदाहरणादाखल वर्ध्यांतील एका निवृत्त शिक्षकांचें घर डोळ्यांपुढें आणावें. मुलगा अमेरिकेंत नोकरीस आहे. घरीं शिक्षक व त्यांच्या पत्नी असे दोघेच. भिंतीवर मोठा, पातळ, नव्या तऱ्हेचा पडदा लावलेला आहे. चित्र इतकें स्वच्छ, कीं नटाच्या कपाळावरचा घामाचा थेंब मोजून घ्यावा. परंतु घरांतील बाई हल्लीं पडद्यासमोर बसत नाहींत. मुलानें दूरध्वनीवरून कारण विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, आवाज मोठा आहे, पण शब्दच कळत नाहींत. तुझे बाबा हंसले म्हणजे मीं विचारायचें, काय झालें म्हणून. त्यांनीं सांगेपर्यंत पुढचें निघून जातें.” मुलाला वाईट वाटलें आणि त्यानें उत्साहानें उत्तर दिलें, “आई, माझा जुना रिसीव्हर मी दिवाळीला घेऊन येतों.”

बाईंची तक्रार अगदीं खरी आहे, आणि तिचीं कारणें दोन आहेत. पडदे जसजसे पातळ झाले, तसतशी स्पीकरला लागणारी जागा नाहींशी झाली. लहान, चपटे स्पीकर पडद्याच्या तळाशीं किंवा पाठीशीं बसवावे लागले. त्यांचा आवाज जमिनीवर किंवा भिंतीवर आपटून मग श्रोत्याकडे येतो. दुसरें कारण वयाचें. वाढत्या वयांत प्रथम उंच स्वरांचें ऐकणें मंदावतें. आणि स, श, फ, त यांसारखीं व्यंजनें ज्यांवरून ओळखूं येतात ते ध्वनि बव्हंशीं त्याच उंच पट्टींत असतात. स्वर ऐकूं येतात, व्यंजनें निसटतात, आणि “शब्द कळत नाहीं” अशी स्थिति होते. अशा वेळीं नुसता आवाज वाढविला तर स्वरांचा गोंगाट तेवढा वाढतो. म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वीं वडील माणसांची श्रवणशक्ति एकदां तपासून घेणें हें कर्तव्यच होय. सेवाग्राम येथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व कस्तुरबा रुग्णालय यांचें कार्य चालू असल्यानें वर्धेकरांना त्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं.

यानंतर निवडीचा प्रश्न. सेवाग्राम आश्रमांत कुडाच्या व मातीच्या भिंतींच्या त्या साध्या कुट्या पाहतांना एका वस्तूशीं प्रेक्षक हटकून थबकतो. ती वस्तु म्हणजे तेथें जपून ठेवलेलें दूरध्वनियंत्र. व्हाइसरॉयाशीं तातडीनें बोलतां यावें म्हणून तें त्या काळच्या सरकारनें बसवून दिलेलें होतें. ज्या ठिकाणीं खाट आणि कंदील यांचाही हिशेब होत असे, तेथें हें यंत्र राहूं शकलें, कारण त्याचें काम ठरलेलें होतें. घरांत यंत्र आणणाऱ्यानेंही आधीं काम ठरवावें आणि मग दुकान गांठावें. शिक्षकांच्या घरचें काम स्पष्ट आहे: दहा फुटांवर बसलेल्या बाईंना संवाद नीट ऐकूं आले पाहिजेत.

हें काम कोण करतें, हें कळण्यासाठीं बोलपटाचा इतिहास थोडा आठवावा. १९३१ च्या मार्चमध्यें मुंबईस “आलम आरा” झळकला, आणि पुढच्याच वर्षीं प्रभातचा “अयोध्येचा राजा” मराठींत बोलूं लागला. त्या वेळीं आवाजाचा एकच प्रवाह असे. त्याच १९३१ सालीं इंग्लंडांत ॲलन ब्लूमलाइन या अभियंत्यानें डाव्या-उजव्या अशा दोन प्रवाहांच्या ध्वनीचें पेटंट मागितलें. पुढें १९९२ सालीं डॉल्बीच्या अंकीय पद्धतीनें एकाच फिल्मवर सहा स्वतंत्र प्रवाह आले: समोर डावा, मधला व उजवा, बाजूंना दोन, आणि केवळ खर्ज स्वरांसाठीं एक. यालाच “पांच पूर्णांक एक” म्हणतात. या सहांपैकीं मधल्या प्रवाहाकडे चित्रपटांतील बहुतेक सर्व संवाद सोंपविलेले असतात. तेव्हां ज्याला शब्द ऐकावयाचे आहेत, त्यानें मधला स्पीकर चांगला घ्यावा. दुकानांत बाजूचे स्पीकर आणि घुमणारा खर्ज यांचेंच प्रदर्शन अधिक होतें. गिऱ्हाइकानें मात्र एखाद्या बातमीपत्राचा आवाज लावावयास सांगून मधल्याची परीक्षा घ्यावी. पैसे बेताचे असल्यास रिसीव्हर व समोरचे तीन स्पीकर एवढ्यावर आरंभ करावा. बाजूचे दोन व खर्जाचा एक पुढच्या दिवाळीस आले तरी बिघडत नाहीं.

दुसरा मोह वॅटच्या आंकड्यांचा. पेटीवर हजार वॅट लिहिलेले पाहून मन हरखून जातें. परंतु हिशेब असा आहे. सामान्य प्रतीचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, सुमारें ८८ डेसिबल आवाज देतो. तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर, भिंतींचें साहाय्य धरून तो ८० डेसिबलच्या घरांत भरतो. दोन माणसांचें समोरासमोर बोलणें सुमारें ६० डेसिबलचें असतें. म्हणजे रोजच्या ऐकण्यास एक वॅटही पुष्कळ होतो. बाकीची शक्ति एखाद्या नगाऱ्याच्या ठोक्यापुरती राखीव असते. शिवाय शक्ति दुप्पट केली तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास शक्ति दसपट लागते. एकच प्रवाह चालू ठेवून, एकाच स्वरावर, दहा टक्के विकृति सोसून मोजलेला आंकडा आणि सर्व श्राव्य स्वरांवर, अल्प विकृतींत मोजलेला आंकडा यांत अतिशय अंतर पडतें. या फसवणुकीस आळा घालण्यासाठीं अमेरिकेनें १९७४ सालींच नियम केला. गिऱ्हाइकानें किती प्रवाह चालू असतां, किती ओहमवर आणि किती विकृतींत हे वॅट मोजले, एवढे तीन प्रश्न विचारावे. आठ ओहमवर खरे पन्नास-साठ वॅट देणारा रिसीव्हर मध्यम खोलीस भरपूर होतो. स्पीकरचे ओहम रिसीव्हरला चालतात किंवा नाहीं, तेंही पाठीवरील अक्षरें वाचून पाहावें. चार ओहमचा स्पीकर प्रत्येक यंत्राला पेलत नाहीं.

शिक्षकांचा मुलगा दिवाळीस आला आणि त्यानें पेटी मेजावर ठेवली. तो पिन खांचेंत घालणार, इतक्यांत शिक्षकांनीं चष्मा लावून पाठीवरील पट्टी वाचली. तीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असें होतें. “थांब,” ते म्हणाले, “आपल्या घरांत २३० व्होल्ट येतात.” असे प्रसंग परदेशीं मुलें असलेल्या किती तरी घरांत येत असतील. अमेरिकेंतील यंत्र आपल्या विजेवर लावलें तर क्षणांत निकामी होऊं शकतें, आगीचाही धोका असतो. व्होल्ट उतरविणारा, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर मध्यें घातल्यास तें चालूं शकतें. परंतु त्याचें वजन, त्याची किंमत आणि त्याची गुणगुण या तिन्ही गोष्टी सोसाव्या लागतात. शिवाय तिकडच्या यंत्रांतील रेडिओ पुष्कळदा दशांशस्थानीं विषम आंकडा असलेल्या केंद्रांवरच थांबतो, त्यामुळें आपल्याकडचीं कांहीं केंद्रें लागतच नाहींत. ज्याला रिसीव्हर म्हणावयाचें, त्यानें जवळचें केंद्रही ग्रहण करूं नये, ही मौजच! अखेर तो रिसीव्हर परत जावयाच्या पेटींत गेला, आणि २३० व्होल्टचा नवा, साधा रिसीव्हर घ्यावयाचें ठरलें.

आतां जोडणी. यंत्राचा प्लग भिंतींतून काढून ठेवल्याखेरीज एकही तार जोडूं नये. पहिल्यानें स्पीकरांच्या तारा. यासाठीं महागड्या तारेची आवश्यकता नसते. विजेच्या दुकानांतील दीड चौरस मिलिमीटरची, दोन पदरी, शुद्ध तांब्याची लवचिक तार दहा मीटरपर्यंत उत्तम काम देते. त्याहून लांब जावयाचें असल्यास अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. प्रत्येक तारेचा एक पदर खुणेचा ठरवावा व तो दोन्ही टोंकांस तांबड्या खुंटीलाच लावावा. एका स्पीकरच्या तारा उलट झाल्या तर यंत्र बिघडत नाहीं. पण एक स्पीकर हवा पुढें ढकलतो त्याच क्षणीं दुसरा ती मागें ओढतो, खर्ज नाहींसा होतो, आणि आवाज कोठून येतो हें समजेनासें होतें. तारेच्या बारीक केसरांपैकीं एकही केसर शेजारच्या खुंटीस लागूं देऊं नये. तसें झाल्यास यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद पडतें, किंवा जळतें.

नंतर चित्राच्या तारा. त्यांना एच्.डी.एम्.आय्. म्हणतात, आणि एकाच तारेंतून चित्र व आवाज दोन्ही वाहतात. नियम सोपा आहे: डिशची पेटी, चकत्या लावण्याचें यंत्र इत्यादि सर्व साधनें रिसीव्हरच्या “आंत” या खांचांना जोडावीं, आणि रिसीव्हरच्या “बाहेर” या खांचेंतून एकच तार पडद्याकडे न्यावी. त्या खांचेजवळ ए.आर्.सी. अशीं अक्षरें असतात; पडद्याच्या पाठीवरही तींच अक्षरें असलेली खांच शोधून तार तेथेंच लावावी. दुसऱ्या खांचेंत लावली तर चित्र दिसतें, पण पडद्यांत थेट येणाऱ्या कार्यक्रमांचा आवाज रिसीव्हरकडे परत येत नाहीं. हा परतीचा मार्ग २००९ सालीं निघाला; २०१७ सालीं निघालेल्या त्याच्या सुधारलेल्या रूपास ई.ए.आर्.सी. म्हणतात, आणि त्यांतून अधिक निर्दोष ध्वनि जातो. पुढें पडद्याच्या सेटिंगमध्यें दोन गोष्टी कराव्या लागतात: त्याचे स्वतःचे स्पीकर बंद करणें, आणि आवाज “पी.सी.एम्.” ऐवजीं “बिटस्ट्रीम” अथवा “ऑटो” या रूपांत पाठविण्यास सांगणें. दुसरी गोष्ट राहून गेल्यास सहा प्रवाहांचा चित्रपटही पुष्कळदा दोनच प्रवाहांत ऐकूं येतो, आणि घरांतील मंडळी रिसीव्हरला दोष देत बसतात.

स्पीकरांच्या मांडणीस भूमितीचा आधार आहे. श्रोता मध्यें धरला तर समोरचे डावे-उजवे स्पीकर मधल्या रेषेपासून प्रत्येकीं तीस अंशांवर, आणि बाजूचे दोन शंभर ते एकशेंवीस अंशांच्या दरम्यान, म्हणजे कानांच्या किंचित् मागें असावे. मधला स्पीकर पडद्याखालीं, तोंड श्रोत्याच्या कानाकडे वळवून ठेवावा. कपाटाच्या खणांत खोल ढकलला तर आवाज खणांतच घुमतो. खर्जाचा स्पीकर कोपऱ्यांत ठेवल्यास गडगडाट वाढतो आणि त्याखालीं शब्द दबतात. म्हणून तो कोपऱ्यापासून थोडा सरकवावा.

यंत्र आणि स्पीकर यांइतकीच महत्त्वाची तिसरी वस्तु म्हणजे खोली. वर्ध्याकडील नव्या घरांत गुळगुळीत फरशी, गिलावा केलेल्या भिंती आणि वर सिमेंटचा स्लॅब असतो. अशा खोलींत टाळी वाजविली तर तिचा झणत्कार क्षणभर रेंगाळतो. एका शब्दाचा प्रतिध्वनि विरण्यापूर्वीं दुसरा शब्द येतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. यावर उपाय घरांतच सांपडतात: श्रोता व स्पीकर यांच्यामध्यें जाड सतरंजी, समोरासमोरच्या मोकळ्या भिंतींपैकीं एकीस पुस्तकांचें उघडें कपाट, आणि खिडकीस चुण्या घातलेला जाड पडदा. खादीची वर्ध्यास वाण नाहीं. टाळीचा झणत्कार नाहींसा झाला म्हणजे समजावें, कीं आतां शब्द मोकळे होतील.

विदर्भांतील उन्हाळा हा या विषयाचा स्वतंत्र अध्याय आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, खिडकीला कूलर लागतो, आणि त्याच्या घरघरीनें संवादांवर पाणी पडतें. कूलर श्रोत्याच्या कानाशीं न ठेवतां दूरच्या खिडकीस ठेवावा आणि कार्यक्रमाच्या वेळीं त्याची गति मंद करावी. त्या घरघरीवर मात करण्यासाठीं आवाज वाढवीत जाण्यांत अर्थ नसतो. रिसीव्हरसोबत येणारा लहान मायक्रोफोन खोलीचें माप घेतो, तें मापही पंखा व कूलर बंद करून, मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवूनच घ्यावें. रिसीव्हर स्वतःही तापतो. त्याच्यावर कमींत कमी वीतभर जागा मोकळी सोडावी. जुन्या रेडिओवर भरतकामाचा रुमाल घालण्याची हौस ज्या घरांत होती, त्यांनीं येथें ती आवरावी; वरच्या फटी झांकल्या तर यंत्राचा श्वास कोंडतो.

विजेविषयीं शेवटचें सांगणें असें, कीं तीन पिनांच्या खांचेंत तिसरी तार खरोखरच जमिनीपर्यंत गेली आहे किंवा नाहीं, हें जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावें. जुन्या रेडिओची अंगणांतील तार आणि आजचें अर्थिंग यांचें नातें जवळचें आहे. अर्थिंग नसेल तर विजेच्या उसळीपासून रक्षण करणारी महागडी पट्टीही आपलें काम पुरतें करूं शकत नाहीं. मृगाच्या आधीं ढग गडगडूं लागले, कीं रिसीव्हरचा प्लग तर काढावाच, पण छतावरील डिशची तारही काढून ठेवावी. कारण पुष्कळदा वीज त्या वाटेनें आंत येते. हें सर्व ढग दूर असतांनाच करावें. वीज डोक्यावर चमकूं लागल्यावर तारांना हात लावूं नये.

सर्व जुळल्यावर शब्दांसाठीं दोन लहान सुधारणा कराव्या. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी. आणि मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी करणारी, “नाइट” अथवा तत्सम नांवाची सोय चालू करावी. त्यामुळें कुजबूज वर येते आणि स्फोट खालीं बसतो. शेजाऱ्यांसही ही सोय उपकारक ठरते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला तीही जास्तच वाटते.

शिक्षकांच्या घरीं भाऊबिजेच्या संध्याकाळीं समोरचे तीन स्पीकर जोडून झाले. सतरंजी आंथरली, पडदा ओढला, मधला आवाज थोडा वर केला. मुलानें आईला हांक मारली. त्या पदर सांवरीत येऊन बसल्या. एक जुना मराठी चित्रपट लागला होता. थोड्या वेळानें पडद्यावरच्या म्हातारीनें सुनेला एक टोमणा मारला, आणि त्या एकदम हंसल्या. शिक्षक क्षणभर दुसरीकडे पाहत होते; त्यांनीं वळून विचारलें, “काय झालें?”

“सांगतें,” त्या म्हणाल्या, “पण आधीं पुढचें ऐकूं द्या.”